उन्हात न जाता लागलेले ऊन

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी इतिहासातील एखादी कर्तबगार स्त्री निवडते आणि तिच्याविषयी चार पाने लिहिते. यंदा मात्र एका समजुतीचा इतिहास सांगावा असे मनात आले. ही समजूत आपल्या अकोल्यात घरोघरी आहे, आणि दर उन्हाळ्यात ती कोणा ना कोणा भगिनीला महागात पडते. "उन्हात गेल्याशिवाय ऊन लागत नाही" अशी ती समजूत. ऐकावयास किती सरळ वाटते! परंतु ती खोटी आहे हे कळण्यास शहाण्यासुरत्या माणसांना फार वर्षे लागली. ती कशी लागली ते पाहणे मोठे उद्बोधक आहे.

आपली भाषाच पाहा. आपण 'ऊन लागले' म्हणतो, हिंदी बोलणारे आपले शेजारी 'लू लगी' म्हणतात, इंग्रज 'सनस्ट्रोक' म्हणत. या सर्व शब्दांत बाहेरून काही तरी येते आणि माणसाला लागते, जणू कोणी दगडच मारला. मग उपायही तसाच सुचतो. दगडापासून बचावण्यासाठी आडोसा घ्यावा, उन्हापासून बचावण्यासाठी डोके झाकावे, म्हणजे झाले.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी याच कल्पनेवर मोठा डोलारा उभारला. सूर्याचे किरण कवटीतून मेंदूत आणि पाठीवाटे कण्यात शिरतात व माणूस कोसळतो, असे त्यांच्या डॉक्टरांतील पुष्कळांचे मत होते. त्यातून पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या हलक्या गाभ्याची 'सोला टोपी' निघाली. कण्याचे रक्षण व्हावे म्हणून सदऱ्याच्या आत पाठीवर शिवावयाची कापडी गादी निघाली. लहान मुलांनाही टोपीवाचून अंगणात पाऊल टाकण्याची मुभा नसे. उकाड्याने जीव जाऊ नये म्हणून माणसाने पाठीला गादी बांधून हिंडावे, याचे आज आपल्याला हसू येते. पण ती माणसे मूर्ख नव्हती. त्यांनी चुकीच्या शत्रूवर पहारा बसविला होता, एवढेच.

हाच विचार पुढे अमेरिकन सैन्यातील एका डॉक्टरने फिलिपाईन्स बेटांत कसोटीला लावला. किरणांतील घातक भाग नारिंगी-तांबड्या रंगाने अडतो असा तर्क होता. म्हणून सैनिकांच्या एका गटाला तशा रंगाची आतली वस्त्रे दिली व दुसऱ्या गटाला नेहमीची पांढरी. १९१० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की रंगीत वस्त्रांचा काडीचाही फायदा नाही, उलट ती अंगाला अधिक गरम होतात.

खरे पाहता पुरावा बराच आधीपासून समोर होता. पलटणींच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदून ठेवले होते की काही शिपाई भर रात्री, बराकीत, बिछान्यावर पडल्या जागी उष्माघाताने मरतात. रात्री सूर्य कोठून आला? पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर तर डोक्यावर टोपी असलेले शेकडो सैनिक उकाड्याने दगावले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोला टोपी सैन्यातून निघाली आणि तिच्यावाचून कोणाचे काही बिघडले नाही.

मग खरा शत्रू कोण? याचे उत्तर दोन प्रयोगांत सापडते. १७७४ साली लंडनला चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर काही मित्रांसह एका मुद्दाम तापविलेल्या खोलीत शिरला. तेथील उष्णता २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत चढविली होती. त्या खोलीत अंडी घट्ट झाली, मांसाचा तुकडा भाजून निघाला, पण माणसे काही मिनिटांनी धडधाकट बाहेर आली. त्यांच्या अंगातील उष्णता जवळजवळ वाढलीच नव्हती. खोलीतील हवा कोरडी होती, म्हणून घाम झपाट्याने उडून जात होता आणि अंग निवत होते.

दुसरा प्रयोग जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाचा. १९०५ साली त्याने इंग्लंडातील कॉर्नवॉलच्या खाणींत काय घडते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाणीत सूर्य नसतोच. तेथे तो साध्या तापमापकाबरोबर आणखी एक तापमापक ठेवी, त्याच्या टोकाला ओले फडके गुंडाळलेले असे. हवा कोरडी असली की फडक्यातील पाणी उडते व पारा खाली राहतो. हवा दमट असली की पाणी उडत नाही व पारा वर चढतो. हॉल्डेनला दिसले की वारा पडलेला असताना हा ओल्या फडक्याचा पारा ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला, म्हणजे माणूस नुसता बसून राहिला तरी त्याच्या अंगातील उष्णता चढू लागते. अंग चालवून काम केले तर त्याच्या आतच चढते.

म्हणजे गोष्ट अशी आहे. आपले शरीर ही अहोरात्र पेटलेली चूल आहे. स्वस्थ बसले तरी ते शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करते, आणि काम करताना त्याच्या कितीतरी पट. ही उष्णता बाहेर गेली पाहिजे. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली, तर घाम उडून जाणे ही एकच वाट उरते. ती वाट दमट हवेने, कोंदट खोलीने, जाड वा नायलॉनच्या कपड्याने, किंवा अंगातले पाणी संपल्याने अडली, की उष्णता आतल्या आत साठते. ऊन हे उष्णता येण्याचे एक दार झाले. दार बंद केले म्हणून घरातली चूल विझत नाही.

हे पुस्तकी ज्ञान आपल्याशी कसे निगडित आहे ते सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या आळीतील एक वहिनी कुरडयांचा चीक शिजवीत होत्या. पत्र्याचे स्वयंपाकघर, गॅसची शेगडी, ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, आणि चीक तळाला लागू नये म्हणून हात सतत चालू. दुपारी बाराच्या सुमारास त्यांना मळमळू लागले, डोके ठणकू लागले. त्यांनी तसेच रेटले, कारण अर्धवट शिजलेला चीक टाकून कोण उठते? थोड्या वेळाने त्या काही तरी असंबद्ध बोलू लागल्या. मी गेले तेव्हा सासूबाई म्हणत होत्या, "पित्त झालं असेल. सकाळपासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही तिचं, ऊन कुठून लागेल?" आणि लिंबाचे सरबत त्यांच्या ओठांशी धरीत होत्या. सुदैवाने शेजारच्याच घरी आपल्या मंडळाच्या एक सभासद होत्या, त्यांचा जन्म परिचारिकेच्या नोकरीत गेला. त्यांनी अंगाला हात लावला मात्र, आणि सरबत बाजूला सारून म्हणाल्या, "आधी पाणी ओता अंगावर. तोंडात काही घालू नका, ठसका लागेल." वहिनींना न्हाणीघरात नेऊन बादल्या ओतल्या, ओली चादर गुंडाळून कूलरच्या झोतात निजविले, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी मारणे थांबविले नाही. वहिनी वाचल्या. परंतु पूर्ववत उभ्या राहण्यास त्यांना पावसाळा उलटावा लागला. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांची चूक तीच होती, जी मोठमोठ्या सैन्यांच्या डॉक्टरांनी शंभर वर्षे केली.

चार भिंतींच्या आत माणसे उकाड्याने मरतात हे जगाला गेल्या तीस वर्षांत फार कटुपणे कळले आहे. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतील शिकागो शहरी उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत एकटी राहणारी, वरच्या मजल्यावरची, भीतीने खिडक्या लावून घेतलेली वृद्ध माणसे पुष्कळ होती. २००३ च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे दगावली, त्यांत वृद्ध स्त्रियांचा भरणा मोठा होता. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला; त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले असे पुढे अभ्यासकांनी मोजले.

अहमदाबादची एक गोष्ट भगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावी. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, डांबर लावलेल्या काळ्या गच्चीखाली होता. तापलेल्या दिवसांत त्या तान्ह्या जिवांना उकाड्यानेच ताप चढे. त्या बाळांनी ऊन पाहिलेही नव्हते! पुढे तो कक्ष तळमजल्यावर आणला आणि उकाड्याने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. या अनुभवानंतर २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा केला, तो दक्षिण आशियातील पहिला. लवकरच नागपूर व इतर शहरांनीही तसे आराखडे केले.

आता पाणी आणि मीठ यांची कथा. १९२३ साली नेव्हिल मॉस या इंग्रज संशोधकाने दाखविले की खोल व उष्ण कोळसाखाणींत घाम गाळणारे मजूर नुसते पाणी पीत राहिले की त्यांच्या पोटऱ्यांत व पोटात गोळे येतात, कारण घामाबरोबर मीठही जाते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर प्रचंड धरण बांधताना १९३१ च्या उन्हाळ्यात मजूर उष्माघाताने मेले, तेव्हा पुढच्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ तेथे गेले. पाणी भरपूर प्या, हे तेथे सांगितले जातच होते. मीठही पोटात गेले पाहिजे, ही त्या शास्त्रज्ञांनी घातलेली भर.

हे वाचताना मला आपले पन्हे आठवले. चरकसंहितेतील ग्रीष्म ऋतूची चर्या पाहिली तर तेथे गोड, थंड व पातळ आहार, साखर घातलेला सातूचा मंथ, व्यायाम वर्ज्य आणि थंड घरात दुपारची झोप सांगितली आहे. खारट पदार्थ मात्र टाळावयास सांगितले आहेत. असे असूनही आपल्या आज्या-पणज्यांनी कैरीच्या पन्ह्यात गूळ घातला तशी मिठाची चिमूट घातलीच, आणि ताकातही घातली. आणखी पाहा, चैत्रगौरीचे हळदीकुंकू चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर चालते. ज्या दिवसांत उन्हाळा नवा असतो आणि शरीराला त्याची सवय झालेली नसते, नेमक्या त्याच दिवसांत घरोघर बायका जमतात व प्रत्येकीच्या हाती पन्ह्याचा पेला येतो. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात हे आज शास्त्र सांगते. ही प्रथा त्याच हेतूने पडली असे मी म्हणणार नाही, परंतु तिचा उपयोग तसा होतो हे खरे. एरवी सर्वांना वाढून झाल्यावर स्वतः पिणारी बाई त्या एका महिन्यात पाहुणी म्हणून बसून पिते.

मीठ-साखरेच्या पाण्याचे सामर्थ्य जगापुढे मांडले तेही आपल्याच देशात. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी शिरेतून द्यावयाचे पाणी संपल्यावर मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. त्यांच्या देखरेखीखालील मृत्यूंचे प्रमाण शेकडा तिसाच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. तो रोग निराळा होता, पण शोष पडलेल्या शरीराची गरज तीच. घरी करावयाचे प्रमाण सोपे आहे : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे. लघवी साफ होण्याच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उन्हाळा अधिक बाधतो, म्हणून मार्चमध्येच एकदा त्यांच्याकडे जाऊन यावे.

घर थंड करण्याच्या युक्त्यांनाही हॉल्डेनचाच नियम लागू पडतो. वाळ्याचे ओले पडदे आणि आपले कूलर ही दोन्ही पाणी उडवून गारवा आणतात. म्हणून वऱ्हाडातील कोरड्या मे महिन्यात ती वरदान ठरतात, तर कोकणात किंवा मृगाच्या आधी आभाळ भरून आले की नुसता चिकचिकाट करतात. हवा चाळीस अंशांच्या पलीकडे तापली असता नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंग किंवा कपडा ओला ठेवला तरच त्याचा उपयोग. खिशात कांदा ठेवल्याने लू लागत नाही असे आपल्याकडे म्हणतात. तो जेवणात खावा, खिशातल्या कांद्याने अंगातली उष्णता उतरत नाही. दमट हवेचा धोका तर आपण नुकताच पाहिला. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावरील समारंभात माणसे कोसळली व चौदा जण दगावले. त्या दिवशीचा तेथील पारा आपल्या अकोलेकरांना किरकोळ वाटावा इतकाच होता.

उपचाराचा इतिहास थोडक्यात सांगते. जुन्या काळी उष्माघाताच्या रोग्याचे रक्त काढीत, आणि त्याने तो अधिकच खचे. १९८० साली वाइनर व खोगाली या दोन डॉक्टरांनी मक्केच्या यात्रेकरूंसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. जाळीच्या खाटेवर रोग्याला निजवून अंगावर पाण्याचे बारीक तुषार व त्यावर हवेचा झोत सोडावयाचा. तरुण व धट्ट्याकट्ट्या माणसाला गार पाण्यात बसविणे हा आज सर्वांत जलद उपाय मानतात. दोहोंचे सार एकच : आधी अंग निववा, मग इस्पितळ गाठा. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, पोटऱ्यांत गोळे येणे ही पहिली सूचना असते. तेव्हा काम सोडून गार जागी पडावे, कपडे सैल करावे, घोट घोट पाणी घ्यावे. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली, अंग भट्टीसारखे लागले, तर तोच उष्माघात. मग घाम असो वा नसो, १०८ ला फोन करून लगेच पाणी ओतू लागावे. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

शेवटी एक नाजूक गोष्ट, पण ती बोललेच पाहिजे. आपल्यापैकी कित्येकजणी उन्हाळ्यात घराबाहेर पडताना मुद्दाम पाणी पीत नाहीत. बाजारात, एस.टी.च्या प्रवासात, शेतावर बाईमाणसाला स्वच्छ आडोसा मिळत नाही, म्हणून ती तहान मारते. पाणी प्या, पाणी प्या, असे फलक गावभर लागतात. ते प्यायल्यानंतर बाईने जावे कोठे, हा प्रश्न फलक लावणाऱ्यांना सुचत नाही. तो आपणच विचारावयास हवा. मोलमजुरी करणाऱ्या अहमदाबादच्या भगिनींनी असाच प्रश्न आपल्या हाती घेतला. १९७२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या 'सेवा' संघटनेने २०२३ पासून असा विमा सुरू केला आहे की उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली म्हणजे बुडालेल्या रोजाची थोडी तरी भरपाई मिळावी.

आपले मंडळ लहान आहे, तरी काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत, आणि त्या मी कार्यकारिणीपुढे ठेवते. एप्रिल-मे मधील हळदीकुंकू व सभा संध्याकाळी सहानंतर घ्याव्यात. पापड-कुरडयांची सामुदायिक कामे शक्यतो फेब्रुवारीत उरकावीत, ती राहिलीच तर सकाळी नऊच्या आत चूल बंद व्हावी. प्रत्येक आळीत एकट्या राहणाऱ्या आजींची यादी करून लाटेच्या दिवसांत दोन वेळा कोणी तरी दार वाजवावे. बाजारपेठेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व्हावे म्हणून महानगरपालिकेकडे सह्यांचा अर्ज द्यावा. पहिली सही मी करते. आणि घरातली एखादी सून वा लेक चुलीपुढे बसल्या बसल्या "कसंसंच होतंय" म्हणाली, तर ती उन्हात गेली होती का हे विचारण्याआधी गॅस बंद करावा आणि तिला पाणी द्यावे.

सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा. येता उन्हाळा सर्वांना सुखाचा जावो.